ढिगात

अकराशे ग्रॅम.
एवढ्या वजनाची सुरमई मी नुसती हातात तोलून
दर सांगते, काटा लागत नाही.
पण ओरोसच्या इस्पितळात, काचेच्या पेटीतली ती
माझ्या हाताला कळेना.
दिवाळीला यायची ती
नारळी पुनवेच्या दुसऱ्याच दिवशी आली,
घो समुद्रात, सासू बाजारात.
कानाची पाळी दुमडली
तर तशीच दुमडून राहायची,
कोणीतरी बोटानं सरळ करीपर्यंत.

त्रेचाळीस दिवस.
मधे एकदा डोळ्यांचा डॉक्टर आला,
पडदा बघितला, म्हणाला, वाचला.
मी तेवढंच धरून ठेवलं. वाचला.

आता तिसरीत आहे दुर्वा.
गोष्ट सांगा, जशीच्या तशी परत सांगते.
पाढे सत्तावीसपर्यंत तोंडपाठ.
पण फळ्यावरची ओळ वहीत उतरवताना
वाटेत कुठेतरी सांडते.
बेरीज येते, हातचा मात्र शेजारच्या घरात जातो.
भ आणि म एकमेकांच्या अंगावर चढून बसतात, म्हणते,
आणि जोडाक्षरं म्हणजे आठवडी बाजार.
देवळाच्या पायऱ्या संपल्या
तरी ती आणखी एक पायरी उतरते.

चष्म्याच्या दुकानात सगळ्या ओळी वाचल्या,
अगदी खालची बारीकसुद्धा.
नंबर नाही.
म्हणजे सोंग, मी म्हटलं.
शाळेच्या दारात, चपलांच्या ढिगात
लाल पट्ट्याची चप्पल तिला दिसेना.
पायापाशी होती.
मी तिथेच, सगळ्यांसमोर, एक ठेवून दिली.
माझं तर कामच ते. जाळ्यातून उतरलेल्या राशीतून
कोळंबी, मांदेली, ढोमी, लेपी
बोलता बोलता माझी बोटं वेगळी करतात.
आणि माझ्या पोटच्या पोरीला चप्पल दिसत नाही?

मग कोचरेकर बाई बदलून आल्या.
त्यांनी पुठ्ठ्याला एक खिडकी कापली,
एका ओळीएवढी,
पानावर ठेवली, बाकीचं पान झाकलं.
दुर्वानं वाचलं.
ओळ संपली की खिडकी खाली,
ओळ संपली की खाली.
अर्धा धडा झाला तेव्हा मी पदराला हात पुसत होते,
हात कोरडेच होते.

बाई म्हणाल्या, डोळे चांगले आहेत तिचे.
डोळ्यांमागची वाट पुरी व्हायच्या आधीच
वापरात आली. गर्दी झाली की तिथे कोंडी होते.
सगळं एकदम दिसतं, म्हणून एक दिसत नाही.
मिरजेला डॉक्टर आहे, त्याला दाखवा.
मिरज. जायचे, यायचे, राहायचे.
बघू, मी म्हटलं.
वाटेचं मला नीट कळलं नाही.
ढिगाचं कळलं.

आता तिची चप्पल मी खिडकीच्या गजाला टांगते, एकटी.
ताटात आधी भात, तो संपला की मासा.
सासू हसते. हसू दे.
त्या थपडेचं मात्र
कुठे टांगून ठेवायचं, सुचलेलं नाही.

काल उन्हं उतरताना आम्ही वाळूत उभ्या होतो.
पाणी रिकामं, मला नुसता चकचकाट.
"आये, थंय बघ. बाबाची."
मी बघितलं. काही नाही.
बऱ्याच वेळानं, ती दाखवत होती तिथेच,
एक तीळ उगवला.

होडी बंदरात लागली, चाळीस होड्यांत,
आणि तिला परत सापडेना.
"खयची गो?"
मी बोट दाखवलं नाही.
तिच्या मागे उकिडवी बसले,
माशाच्या वासाचे माझे दोन्ही हात
तिच्या डोळ्यांच्या कडेला उभे धरले
आणि हळूहळू तिचं डोकं फिरवत नेलं.

एक होडी.
ही नाही.
एक होडी.
ही नाही.